हमीदभाईंची पोकळ लाकडं

पडलेल्या लाकडावर घाव घालण्याआधी हमीदभाई कुऱ्हाडीच्या दांड्याने टकटक करायचे आणि विचारायचे, "कोन हाय का घरात?" मग कान लावायचे. त्यांची माणसं हसायची. एकदा आतून खरंच घोरपड निघाली, तेव्हा हसणारेच आधी पळाले.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. हमीदभाईंची दापोडीला लाकडाची वखार होती. महाळुंग्याच्या सरकारी रानातल्या वाळक्या लाकडाचा ठेका दरवर्षी त्यांच्याकडेच असे. मी तिथला वनरक्षक. आगीची भीती नको म्हणून पडलेलं एकूण एक लाकूड उचलून रान साफ करायचं, असा नियम. हमीदभाई मात्र ओढ्याकाठचे पोकळ ओंडके तसेच ठेवत. भर उन्हाळ्यातही त्यांच्याखाली ओल टिके. तिथे बेडूक, सापसुरळ्या, चिचुंद्र्या. एका ओंडक्यात तर मुंगसाची पिल्लं.

"गार्डभाऊ, पावसाआधी कुनाला घराभाईर काढू नये," ते म्हणत. मी मान डोलावत असे. परवानगी माझीच होती.

एका वर्षी रेंजरसाहेब अचानक तपासणीला आले. "ही लाकडं कुणाच्या हुकमाने राहिली?"

मी बुटांकडे पाहत राहिलो. हमीदभाई पुढे झाले. "साहेब, आमची मानसं लई आळशी. जेवली की झोपत्यात."

"संध्याकाळपर्यंत उचला. नाहीतर पुढचा ठेका विसरा."

जीप गेल्यावर मी म्हटलं, "हमीदभाई, भरून टाका गाडीत."

"लई घाबरता राव तुमी! ठेका गेला तर माझी वखार हाय. तुमची नोकरी गेली तर लेकरांना काय घोरपड पोसनार?" आणि खोकला येईपर्यंत ते स्वतःच हसले. लाकडांना हात लावला नाही.

ठेका गेला. नव्या ठेकेदाराने आठवड्यात ओढ्याकाठ झाडून नेला. साहेब खूश झाले. त्या पावसाळ्यात ओढ्यावर बेडकांचा आवाज जेमतेम होता.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला वखारीत गेलो. वाटेत माफीची वाक्यं जुळवली होती. हमीदभाईंनी तोंडच उघडू दिलं नाही.

"ते ऱ्हाऊ द्या. लाकडं हायती न्हवं जाग्यावर?"

"आहेत," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा फुलला, की शेजारच्या मेकॅनिकलाही त्यांनी हाक मारली. "ये रे! आज चहा माझ्याकडून!"

मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.