आईचं चित्र घेऊन मंगळवार पेठेत

गडहिंग्लजहून कोल्हापूरला मी चिक्कार वेळा गेलोय, पण मांडीवर आईला घेऊन पहिल्यांदाच गेलो. म्हणजे तिच्या चित्राला. पेन्सिलीचं, चौकटीतलं. लग्नानंतर वर्षभरात बाबांनी आणून दिलं होतं, "मीच तुझं चित्र काढलंय" म्हणून. बाबा गेले तेव्हा भावकीतल्या बायका म्हणाल्या, चित्रातलं कुंकू तरी खोडून टाक आता. आई म्हणाली, "ते मी लावलेलं न्हाय. ज्यांनी लावलंय त्यांनीच पुसावं." कुंकू राहिलं.

मागच्या महिन्यात मावसभाऊ जेवायला आला नि चित्राकडे बघून म्हणाला, "हे छापील हाय की. असंच एक बेळगावात लॉजवर बघितलंय." तेव्हापासून आई त्या भिंतीकडे बघेना. शेवटी तीच म्हणाली, "जा, एकदाचं दाखवून ये कुणाला तरी."

काचेचं काही नेणार असाल तर जाड चादरीत गुंडाळा आणि एसटीत मागच्या बाकावर बसू नका. निपाणीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. प्रत्येक दणक्याला मी चौकट छातीशी धरत होतो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "पावणं, आत देव हाय व्हय?"

"आई हाय."

ते जरा सरकून बसले.

मंगळवार पेठेत मिसळ घेतली, पण चौकट सांभाळत अर्धीच खाल्ली. तुम्ही जाल तेव्हा खा, कट वरून मागून घ्या. मग सुमनबाईंकडे गेलो. या चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका, मावशीच्या शेजारी राहतात.

"काच काढल्याबिगर मी कायबी सांगायची न्हाय," त्या म्हणाल्या. मागचे खिळे निघताना मला बघवत नव्हतं. त्यांनी भिंग लावलं, मग माझ्या हातात दिलं. गालावरच्या सावलीत बारीक ठिपकेच ठिपके. पेन्सिलीच्या रेघेला ठिपके नसतात.

"छापील हाय."

"आईला खोटं सांगू का?" मी विचारलं. बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी कागद खिडकीपाशी तिरका धरला होता.

"हिकडं ये. कपाळ बघ."

सगळा चेहरा मंद होता, कुंकू तेवढं चकाकत होतं, पेन्सिलीचं शिसं चकाकतं तसं. कागदामागून बोट फिरवलं तर तिथे उंचवटा लागला.

"चित्र बाजारातनं आणलंय, चेहरा कुणाचाबी असंल," बाई म्हणाल्या, "आणि कुंकू दाबून दाबून लावलंय तुझ्या बापानं."

परतताना बाबा खोटं बोलले याचा राग कागलपर्यंत टिकला. पुढे नुसती धाकधूक. काय सांगायचं ते मनात दहा वेळा बदललं.

आई दारातच उभी होती. "काय म्हटल्या बाई?"

"चित्र छापील हाय, आई. कुंकू तेवढं बाबांनी लावलंय. हातानं."

तिने चौकट घेतली. पदराने काच पुसत आली, कपाळापाशी थांबली.

"मग झालं की," ती म्हणाली. "टांग वर."