हौदातली तबकडी

मिस्त्रींच्या बायकोची डायरी, ३ फेब्रुवारी, मंगळवार. ऊन कडक, चादरी धुतल्या. हे दुपारी जेवायला आले नाहीत.

त्या दुपारी मिस्त्रींनी रबराचा चीक घट्ट करणारं यंत्र धुऊन, जोडून सुरू केलं होतं. त्याच्या भांड्यात एकावर एक रचलेल्या तबकड्या गरगर फिरत आणि चिकातलं पाणी वेगळं काढत. एवढ्यात धुणाऱ्या मावशी ओरडल्या, "मिस्त्री, हौदात एक तबकडी राहिलीय!"

तबकडी कमी म्हणजे रचना सैल, आणि सैल भांडं फिरता फिरता यंत्राचं कवच फोडून बाहेर पडतं. मिस्त्रींनी बटण बंद केलं. पण भांडं थांबायला अर्धा तास लागणार होता.

"मावशी, पळा!"

"आणि तुम्ही?"

"भांडं पाण्यानं भरलेलं ठेवायला हवं. नळावरून हात काढला तर ते नाचायला लागेल."

"तुमच्या बायकोला मी काय तोंड दाखवू?"

"आधी भिंतीआड व्हा. तोंड राहिलं तर दाखवाल!"

पायाखालची फरशी थरथरत होती. मिस्त्री नळ धरून उभे राहिले. तबकड्या रचताना ते नेहमी मोठ्यानं मोजत. आज चाळीसवर मावशींच्या थट्टेला त्यांनी उत्तर दिलं आणि पुढे थेट बेचाळीस म्हणाले, हे त्यांना आत्ता आठवलं.

अर्ध्या तासानं भांडं कुरकुरत थांबलं. मिस्त्री तिथेच खाली बसले.

त्या संध्याकाळी बायकोनं डायरीत लिहिलं: यांनी आज स्वतः ताटं घेतली आणि दोनदा मोजली. ताटं दोनच होती.