पत्र्याला पांघरूण

देवाने जग घडवलं तेव्हा माझे थोरले साडू हाताशी असते, तर ही पृथ्वी आज खोळीत असती आणि पावसाळ्यात त्या खोळीवर प्लास्टिकही असतं. रोह्याच्या एका कंपनीत त्यांनी उभा जन्म पॅकिंग खात्यात काढला. ते खात्यातून निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. घरातल्या रिमोटला प्लास्टिक, ते मळू नये म्हणून वर कापडी पिशवी, आणि पिशवी कुठे ठेवली ते आठवत नाही म्हणून टीव्ही शेवटी उठूनच बंद करायचा. गॅसच्या सिलिंडरला झालरीचा झगा. सोफ्यावरचं दुकानातून आलेलं प्लास्टिक अजून तसंच आहे, त्यामुळे उन्हाळ्यात पाहुणा जायला उठला तरी सोफा त्याला सहजासहजी सोडत नाही. माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, एकदा तापाने पडली होती. डॉक्टर घरी आले आणि पेशंट कुठे आहे म्हणून विचारू लागले, तेव्हा साडूंनी गोधड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "नशीब माझं, नाक तेवढं उघडं ठेवलंन," असं ताई अजून सांगते.

अशा माणसाच्या घरामागे उघडा पत्रा येऊन उभा राहिला, हा नियतीचा चावटपणाच म्हणायचा.

त्या पत्र्याच्या आधी तिथे वई होती. वई म्हणजे काठ्यांचं, सुंभाने बांधलेलं साधं कुंपण. वईपलीकडे एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहत. साडू त्यांना 'डायवर' म्हणत आणि ते साडूंना 'पॅकिंग'. ही नावं इतकी पक्की झाली होती की एकमेकांच्या लग्नाच्या पत्रिकेतलं नाव दोघांनाही आठवलं नसतं. दर वैशाखात दोघे मिळून वई नव्याने बांधत. हे काम एकट्याचं नव्हेच. एकाने अलीकडून सुंभ खुपसायचं, दुसऱ्याने पलीकडून ओढून, काठीभोवती फिरवून परत द्यायचं. सुंभाबरोबर गप्पाही इकडून तिकडे जात, त्यामुळे काम इतकं लांबे की शेवटची गाठ बसेपर्यंत पहिली सुटायला आलेली असे. संध्याकाळी दोघे आपापल्या परसात खुर्च्या टाकून वईला तोंड करून बसत. डायवर एकदा घाटातल्या गोष्टी सांगायला लागले की त्यांना ब्रेक नसे. मग साडू चहाच्या कपावर चमच्याने एकदा टण करत. एक घंटा म्हणजे थांबा, दोन घंटा म्हणजे चला. जन्मभर कंडक्टरची घंटा ऐकलेला माणूस, बिचारा वाक्याच्या मध्येच उभा राही.

आणि मग एकदा साडू आणि ताई आमच्याकडे पेणला लग्नाला आले होते. परत गेले तर मागे वई नाही. डायवरांचा मुलगा पनवेलला असतो. म्हाताऱ्या बापाला दरवर्षी काठ्या बांधत बसावं लागू नये म्हणून त्याने माणसं पाठवून लोखंडी अँगल ठोकून घेतले आणि त्यावर चकचकीत पत्रा मारून टाकला. पोराची माया होती, पण साडूंना फक्त पत्रा दिसला. त्यांनी पत्र्यावरूनच ओरडून विचारलं, "काय रं डायवर, मी काय चोर हाय काय?" डायवर मुळात ओशाळलेलेच होते. ओशाळलेला माणूस नेमका नको ते बोलतो. ते म्हणाले, "ज्याला टोचतंय त्यानं काठ्या न्हेऊन आपल्या वाड्यात वई बांधावी." झालं. जन्माची गाडी तिथे बंद पडली.

त्यानंतर साडूंची पार रया गेली, हे मी स्वतः पाहिलं. संध्याकाळी ते सवयीने खुर्ची टाकत, समोर पत्रा, पत्र्यात स्वतःचंच वाकडंतिकडं तोंड. चहा निवून जाई. पलीकडे डायवर खोकलेले ऐकू येत, आणि हे ऐकूनही न ऐकल्यासारखं करत. ताई वैतागून म्हणे, "अहो, सरळ जाऊन बोला की. दार काय लांब हाय?" त्यावर उत्तर ठरलेलं. "तो पत्रा मारताना आलेला काय बोलायला?" मला मात्र ते वेगळंच सांगत. पत्र्याची तिरीप डोळ्यांत जाते, पत्र्याच्या झळीने मिरचीची रोपं करपतात, पावसात त्याच्यावर ताशा वाजतो. "आणि पेणकर, उघडा पत्रा दिसतो कसा? घर पुढून नेसलेलं आणि पाठीमागून उघडं!" माझं पेणला रंगांचं दुकान आहे. गणपतीच्या कारखान्यांना मी रंग पुरवतो, तेव्हा मी साहजिकच म्हणालो की पत्र्याला छानसा हिरवा रंग मारू. साडूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी ताईला साडीऐवजी रंग मारायला सांगितलं होतं. "रंग म्हणजे पांघरूण नव्हे," ते म्हणाले. "लाकूड पायजे. जुनं, खडबडीत, ऊनपाऊस खाल्लेलं."

असं लाकूड त्यांना धरमतरच्या खाडीकाठी सापडलं. मोडीत काढलेला मासेमारीचा एक लाकडी मचवा चिखलात तिरका पडला होता. त्याच्या फळ्यांवर कुठे निळा रंग, कुठे डांबर, कुठे खिळ्यांची भोकं. साडू त्या फळ्यांवरून असा हात फिरवू लागले की मला संकोच वाटून मी खाडीकडे पाहू लागलो. मचव्याचा मालक म्हणाला, "दादा, या फल्यांनी जनमभर पानी बघितलाय. तुमी यांना परसान उभ्या करून काय करनार?" साडू म्हणाले, "पेन्शनीत बसवणार."

फळ्या टेम्पोत चढल्या आणि साडूंनी पिशवीतून दोन चादरी काढल्या. पांघरूण घालायला चाललेल्या फळ्यांनाही पांघरूण! "ऊन लागेल," ते म्हणाले. आयुष्यभर समुद्राच्या उन्हात वाळलेल्या फळ्यांना धरमतर ते रोहा ऊन लागेल. पुढे वडखळला आम्ही गर्दीत अडकलो. आता आमच्या पेणच्या बाजूला टेम्पोत कापडाखाली झाकलेलं काही उभं दिसलं की लोक दुसरा विचार करत नाहीत. शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी हात जोडले. एकाने "मोरया!" म्हणून आरोळी ठोकली. मी लाजेने खाली घसरलो, पण साडूंनी गंभीरपणे हात वर करून आशीर्वाद दिला. त्यात मागून मासळीचा असा काही दरवळ सुटला की बाईंनी जोडलेले हात सोडून पदर नाकाला लावला. रोह्यात टेम्पो शिरला तेव्हा आळीतली समस्त मांजरं स्वागताला हजर होती, आणि पुढचे कितीतरी दिवस ती त्या फळ्यांना पाठ घासत, त्यांच्याकडे बघत, मासा बाहेर यायची वाट पाहत बसली.

सुतार आला. त्याने पत्रा बघितला, फळ्या बघितल्या. म्हणाला, "या बाजूनच स्क्रू मारतो. जेवायच्या आत काम खलास."

"स्क्रू नाय. नटबोल्ट पायजेत," साडू म्हणाले.

"मग नट धरायला पलीकडे माणूस लागंल."

"लागू दे की."

मी साडूंना बाजूला घेऊन सांगितलं की अहो, हा नसता व्याप आहे, आणि मुळात पत्रा डायवरांचा आहे, त्याला भोकं पाडली तर ते पोलिसांत जातील. "जाऊ दे," साडू म्हणाले, "तेवढाच बाहेर पडेल." सुतार पाना घेऊन पलीकडे जायला निघाला तर साडूंनी त्याला खांद्याला धरून ओट्यावर बसवलं, हातात चहा दिला, आणि स्वतः ड्रिल घेऊन पहिल्या फळीसमोर उभे राहिले. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात सोलायला घेतलेले वाल तसेच होते. तिला सगळं कळलं होतं. मलाच तोवर काही कळलं नव्हतं.

ड्रिलने फळी पार केली, पत्रा किंचाळला आणि पलीकडून डायवर त्याहून मोठ्याने ओरडले, "कोन रं तो? माझा पत्रा भोसकतोय!"

साडूंनी बोल्ट भोकात सारला. त्यांनी पत्र्याला तोंड लावलं आणि अगदी कामापुरतं सांगतात तसं सांगितलं, "नट धर, डायवर."

सुताराने चहा घेणं थांबवलं. आता डायवर आत निघून गेले तर साडू पुन्हा त्या खुर्चीत बसणार आणि ती खुर्ची आम्हाला बघवणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग चपला फरफटत पत्र्यापर्यंत आल्या.

"पाना कोन देनार? तुझा बाप?"

साडूंनी फळीच्या वरून पाना पलीकडे सोडला. बोल्ट आवळला गेला. साडूंनी दुसऱ्या पान्याने बोल्टच्या डोक्यावर ठोकलं, टण टण. चपला फरफटत पुढच्या फळीकडे गेल्या. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम त्या दोघांनी पाऊस तोंडावर येईपर्यंत पुरवलं.

एकदा ताईने डायवरांना पुढच्या दाराने जेवायलाच बोलावलं. दोघे प्लास्टिकच्या सोफ्यावर समोरासमोर बसले आणि दोघांनाही बोलायला एक शब्द सापडेना. जेवण झाल्यावर डायवर उठले, सोफ्यापासून सुटले, आपल्या घरी गेले, आणि पाचच मिनिटांत फळीपलीकडून हाक आली, "हां पॅकिंग, तर काय सांगत होतो..." दरवर्षी वैशाखात साडू जाहीर करत की उन्हाने फळी आकसते, बोल्ट ढिले होतात. एकही ढिला झालेला नसे. तरी दोघे एकेक बोल्ट सोडवून पुन्हा आवळत.

गेल्या वर्षी डायवरांचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना पनवेलला घेऊन गेला. घराला कुलूप आहे, चावी ताईकडे. फोन असतो, पण दोन वाक्यांत संपतो. "मध्ये काहीतरी आडवं पायजे," साडू म्हणतात, "नायतर बोलवत नाय."

या वैशाखात मला फोन आला. "पेणकर, पाना धरायला या." मी रोह्याला गेलो. डायवरांच्या परसात पाचोळा साचला होता, त्यांची खुर्ची भिंतीला उपडी टेकवलेली होती. मी नट धरत गेलो. पलीकडून टण टण होई, मी पुढे सरके. शेवटच्या बोल्टपाशी साडू नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बसला काय रं, डायवर?"



मी म्हणू शकलो असतो की मी आहे, पेणकर. पण तोंडातून निघालं ते असं, "बसला, पॅकिंग."

फळीपलीकडून त्यांनी ठोकलं. एकदाच.

मी पाना हातात धरून तिथेच थांबलो.