‘औषध’ नव्हे, विष म्हणा

डॉ. दिनकररावांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सत्तरच्या दशकात, पलूसकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात. मी तिथं मलमपट्टी करणारा नवखा ड्रेसर होतो आणि नवख्याला शोभेल इतका शहाणाही होतो. खंडाळ्याकडून बदलून आलेले हे सडपातळ डॉक्टर जनावराला हात लावण्याआधी गव्हाणीत हात घालत आणि वैरण मुठीत धरून हुंगत. लोक हसत, “गड्या, ह्यो डाक्तर म्हशीआधी सोताच कडबा खातुय का काय!” मीही हसत असे. काय दिवस होते ते! सायकलीमागे पेटी बांधून आम्ही गावंच्या गावं पालथी घालत असू.

असंच एकदा शांताबाई नावाच्या मावशींकडे गेलो. त्यांचा मुलगा फौजेत. तो सुट्टीवर यायचा म्हणून त्या म्हशीच्या दुधाचं तूप साठवत होत्या. म्हैस धडधाकट, पण तिचं रेडकू थरथर कापत मेलं होतं. साहेबांनी वैरण हुंगली.

“मावशी, गंजीवर काय टाकलंय?”

“औषिद मारलंय की. वाळवी लय झाली व्हती.”

आमच्याकडे किडे मारायच्या विषालाही औषधच म्हणतात. औषध जनावराला बाधेल असं कुणाच्या मनात येणार? कडब्यावर बीएचसी ही किडे मारायची पावडर टाकायचा सल्ला मावशींना मागं मीच दिला होता.

साहेब मावशींच्या बोलीत समजावू लागले, “रोज चिमूटभर जातंय म्हशीच्या पोटात. ते चरबीत साठतंय अन् दुधाच्या सायीतनं उतरतंय. रेडकू त्याच दुधावर व्हतं. तूप म्हंजी सगळी सायच की. लेकाला घालू नगासा.”

“आवं, चार महिनं साठवलंय!” मावशी तुपाच्या डब्याकडं बोट दाखवत म्हणाल्या.

“औषध मारा म्हणून कुणी सांगितलं?” साहेबांनी विचारलं.

मावशींची नजर माझ्याकडे वळली. साहेबांनी ती पाहिली आणि लगेच म्हणाले, “दवाखान्यानं सांगितलं व्हय? मग चूक माझी.” तसाच अहवाल त्यांनी वर पाठवला आणि लेखी ठपका स्वतःवर घेतला.

तूप, कडबा सगळं टाकून द्यावं लागलं. आठवड्याभरात साहेबांनी आपल्या घरून तुपाचा डबा आणवला आणि पोचवायला नेमकं मलाच धाडलं. “मावशी, चुकलो,” मी दारातच म्हणालो.

“मला ठावं न्हाई व्हय? पर तुज्या सायबानं तुजं नाव घितलं न्हाई, मग मी कशाला घिऊ?”

पुढे साहेब सातारा-सांगलीच्या बाजारांतून एकच सांगत फिरले, “औषध म्हणू नका, विष म्हणा.” लोक त्यांना ‘विषवाले डाक्तर’ म्हणू लागले. त्याचा त्यांना कोण आनंद!

साहेब, आपल्या या गौरवग्रंथात दुसऱ्याच्या चुका लिहू नयेत, स्वतःची लिहायला हरकत नसावी. तो ठपका माझा होता. आपल्यासमोर हे बोलायचं धाडस मला इतकी वर्षं झालं नाही. या पंचाहत्तरीला तो माझ्या नावावर करा, आणि ठणठणीत तब्येतीनं, हलक्या पाठीनं शंभरी गाठा.