आठव्या दिवसाचं नाव

माझा हट्ट कुणाला नडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. पेणला कॉम्प्युटर शिकून मी रोह्याला स्टेशनजवळ चार मशीनचा सायबर कॅफे काढला, तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मशीनसोबत फुकट येणारा बड्या कंपनीचा ब्राउझर मला आवडत नसे. परदेशातल्या मूठभर पोरांनी बनवलेला, आमच्या रडक्या फोनलाईनवरही पळणारा एक मी मिळवला आणि चारही मशीनवर तोच टाकला.

गिऱ्हाइकं महिनाभर खूश होती. मग कुठल्या पानावरचं बटण दाबलं जाईना, कुठे अक्षरावर अक्षर चढायला लागलं. ब्राउझर होता तसाच होता. पानं बनवणारेच आता बड्या कंपनीच्या ब्राउझरपुरती बनवत होते. शिफ्ट सुटून येणारे कंपनीतले लोक म्हणायचे, ताई, सोबत आलेलाच बरा हाय. कुणाकुणाला समजावणार, कपाळ माझं! तीन मशीनवर मी हार मानली. कोपऱ्यातलं चौथं मात्र मेले तरी सोडणार नाही म्हटलं.

त्यावर बसायला एकच माणूस उरला. जवळच्या निडी गावाहून दर शुक्रवारी दुपारच्या गाडीने येणारे काका, बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. त्यांचे सगळे नातेवाईक इस्रायलला गेलेले, एकुलती मुलगीसुद्धा. तिची ई-मेलवरची पत्रं वाचून ते शब्बाथचा, त्यांच्या शनिवारच्या सुट्टीचा, दिवा सूर्यास्ताआधी लावायला उजेडीच परतायचे. मुलीचे दिवस भरत आले होते. मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता करून त्याला आपल्या वडिलांचं नाव ठेवायचं, एवढंच त्यांना हवं होतं. पण जन्माआधी नाव काढू नये, हा त्यांच्या घरचा नेम. बाळ झाल्याचं कळव, मग नाव सांगतो, असं त्यांनी मुलीला लिहिलं होतं.

एका शुक्रवारी ते म्हणाले, पत्र नाय आलं गो. पुढच्या शुक्रवारीही तेच. मी गल्ल्यावरूनच म्हटलं, येईल हो, बाळंतपणाची धावपळ असते. पडद्यावर वर टपालपेटीचं नाव दिसायचं आणि खाली सगळं पांढरं. त्या पांढऱ्याला ते रिकामी पेटी समजत होते. मला शंका येत होती, तरी मी उठून बघितलं नाही. बघितलं असतं तर माझा ब्राउझर हरला, हे कबूल करावं लागलं असतं.

तिसऱ्या शुक्रवारी ते त्या पांढऱ्या पडद्यासमोरून उठेचनात. मी त्यांना शेजारच्या मशीनवर बसवलं. पाच पत्रं होती. मुलगा झाला. बाबा, नाव कळवा. बाबा, उद्या आठवा दिवस. बाबा, तुम्ही बरे आहात ना? पाचव्यात होतं, सासऱ्यांनी सुचवलेलं नाव ठेवलं.

काकांनी ते नाव दोनदा वाचलं. मी रडत माफी मागत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसून एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळेपासून मला याच मशीनवर बसव गो."

ते गाडीला गेले आणि मी चौथं मशीनही बदललं. त्यानंतर काका कितीतरी शुक्रवार आले. त्यांच्या वडिलांचं नाव काय होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.