ताईला पाठवलेलं सॉरी

मी नांदेडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. 'सॉरी' हा शब्द दिवसभर कानावर पडतो. वही विसरली, सॉरी सर. उशीर झाला, सॉरी सर. रस्त्यात मोटारसायकलचा धक्का लागला तरी पोरं मागं न बघता 'सॉरी भौ' म्हणून निघून जातात. परवा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, सॉरी म्हणजे माफ करा, हे कुणी ठरवलं?"

घरी येऊन शब्दकोश काढला. या शब्दाचं मूळ जुन्या इंग्रजीत वेदना, दुखरी जागा अशा अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे आधी नुसतं 'मला दुखतंय'. माफी नंतर चिकटली. कुणाकडे मयत झाली तरी इंग्रज माणूस सॉरी म्हणतो, ते यामुळेच.

शब्दकोश मिटला आणि मला माझाच मेसेज आठवला.

नागपंचमीला बहिणीला सासरहून आणायला भाऊ जातो. आमच्याकडे त्याला मुऱ्हाळी म्हणतात. वडील गेल्यापासून ते काम माझं. यंदा मी गेलो नाही. भाड्याची गाडी धाडली आणि मोबाईलवर लिहिलं, 'सॉरी ताई, पेपर तपासायचेत. गाडीत बस.' गाडी रिकामी परत आली. तेव्हापासून ताई फोन उचलत नाही. आणि आता माझ्या मुलीचा साखरपुडा आलाय. मुलगी म्हणते, आत्या आली नाही तर मी पाटावर बसणार नाही.

रविवारी बस बदलत ताईच्या सासरी, शिरूर अनंतपाळला गेलो. दाजी ओट्यावरच होते.

"आलं का इंग्रजीचं मास्तर! आज डायवर न्हाई धाडला व्हय?"

ताई भिंतीला धरत बाहेर आली. गुडघ्याला पट्टा होता. मला माहीतही नव्हतं. वाटेत घोकलेलं सॉरी बाजूलाच राहिलं.

"लई दुखतंय का गं?"

"गुडघा व्हय? त्याला गोळी हाय." ती खाली बसली. "दारात गाडी थांबली तवा शेजारणी गोळा झाल्या. भाऊ कुठाय म्हनल्या. काय सांगू? मोबाईलमधी हाय म्हनू?"

दाजी हसले. मला हसता आलं नाही.

"ताई, पेपर नव्हते. कंटाळा केला मी."

ती भिंतीला धरून उठली. मग आत जाऊन ताट वाढून आणलं. जेवताना मी साखरपुड्याचं विचारलं.

"आदल्या दिशी ये न्यायला," ती म्हणाली. "गाडी न्हाई आनायची. बसनं जाऊ. स्टँडपतूर चालत. बघू दे लोकाला."

तिचा पाय सरळ होत नव्हता. स्टँडपर्यंतची वाट आणि बसचे हादरे त्या गुडघ्याला सोसणार नाहीत, हे मला दिसत होतं. पण गाडीचं नाव काढायला मला तोंड उरलं नव्हतं. मी हो म्हणालो.