चाफ्याचा भारा

देवळात कोणी सोनचाफा वाहिला की अजून माझं डोकं फिरतं.

मुंबईला लोक बोटीने जात तेव्हाची गोष्ट. परसातल्या चाफ्याला माझ्या बायकोने चार वर्षं विहिरीचं पाणी घातलं. पहिल्या कळ्या धरल्या, आणि पेरणीआधी भाताच्या वाफ्यावर पाल्याफाट्यांचा राब जाळायला थोरल्या भावाने कोयत्याने सगळ्या फांद्या तोडल्या.

"दादा, कळ्या दिसल्या नाहीत तुला?" मी ओरडलो.

"कळ्या काय रांधून खाणार आहेस? बायकोच्या अंबाड्यासाठी झाडं लावतोस, मेल्या? उचल तो भारा!"

जन्मभर मी दादाला शिव्या घातल्या. पण तो भारा डोक्यावर घेऊन तिच्यासमोरून मीच मुकाट गेलो. चुरडलेल्या कळ्यांचा वास माझ्या मानेवर उतरत होता.